पाच-नऊची खिरापत

ती. वन्सं,

तुमच्या पायांना वाकून नमस्कार. पत्रातूनच वाकते आहे, कारण प्रत्यक्ष वाकले की उठवायला हल्ली माणूस लागतो आणि आमच्या घरातला एकुलता एक माणूस सध्या घरात नसतो. तो कुठे असतो हे सांगायलाच हे पत्र. पण आधी तुमची चौकशी. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की कपाटात ठेवून अधूनमधून त्याची धूळ झटकता? (काय करता ते मला माहीत आहे. तुमच्या सूनबाई फोनवर सगळं सांगतात.) औषधं वेळेवर, नातवाचे पुढचे दात आपापल्या जागी, सूनबाईंचं ऑफिस रागालोभासकट सुरू, असं सगळं ठीक असेल हे गृहीत धरते आणि मुद्द्यावर येते.

वन्सं, तुमच्या भावाला आवरा. परवा भर सभेत हात वर करून, म्हणजे चक्क माझ्याविरुद्ध मत देऊन, त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. सभा कसली, चार माणसं आणि एक थर्मास. पण मत ते मत. खुर्चीचं मला काही नाही, सगळी नोकरी वर्गात उभं राहून केली आहे. पण त्या खुर्चीपुढच्या मायक्रोफोनवर रोज दुपारी एक माणूस माझ्याकडून मार्क घ्यायला येतो. आजारातून उठलेला, वाचा अजून धड न परतलेला माणूस. त्याला मी पाचपैकी तीनवर आणून ठेवलं आहे, त्याला चार हवे आहेत, आणि महिनाअखेरीला आमचा सगळा तंबू गुंडाळला जाणार आहे. आता माझ्या जागी जो कोणी बसेल तो त्याला डोळे मिटून पैकीच्या पैकी देईल आणि वाटेला लावील. पैकीच्या पैकी मिळण्यात अन्याय कसला, असं तुम्हाला वाटत असेल तर सुरुवातीपासून सांगावं लागेल. गुडघा लांब करून बसा.

तुमच्या बंधुराजांनी विमा कंपनीत अख्खी हयात दुसऱ्यांच्या अपघातांचे अर्ज तपासण्यात घालवली हे तुम्हाला ठाऊक आहेच. निवृत्त झाल्यावर मला वाटलं, आता बाग करतील, गेलाबाजार माझ्या चुका काढतील. त्यांनी हॅम व्हायचं ठरवलं. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, घरात एक यंत्र ठेवायचं, गच्चीवर तार ताणायची आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तसल्याच दुसऱ्या निवृत्त माणसाला विचारायचं, माझा आवाज येतो का? तो म्हणतो, येतो. हे म्हणतात, तुझाही येतो. मग दोघं एकमेकांच्या हवामानाची चौकशी करतात आणि पुढे महिन्याभराने एकमेकांना पोस्टकार्ड पाठवतात की त्या दिवशी तुझा आवाज आला होता बरं का. झालं. संपलं. याच्यापुढे काही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात सुद्धा माझा आवाज आल्याचं यांनी मला कधी लेखी कळवलं नव्हतं. (घरातला बल्ब बदलायचा तर शेजाऱ्याला हाक मारतात, आणि तारा-विजेच्या परीक्षेत पास झाले. तोंडी परीक्षेला मी असते तर झाले नसते.)

त्या गच्चीवरच्या तारेचं सांगते, म्हणजे या मंडळींची बुद्धी कुठवर जाते ते कळेल. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या टोकापर्यंत अशी छान, घट्ट, उन्हात ताणलेली तार दिसल्यावर कुठलीही शहाणी बाई काय करील? मी चादरी वाळत घातल्या. चांगल्या ओल्या. वर दोन परकर. खाली दिवाणखान्यात यांचं मंडळ जमलेलं, आणि यंत्र बोलेना. वन्सं, रविवारचा अख्खा दिवस गेला. यंत्र उघडलं, केबल बदलली, पुन्हा जुनी लावली, एकाने यंत्राला नाक लावून वास घेतला. शेवटी सगळे संगणकापुढे डोकी एकत्र करून बसले आणि निकाल लागला की सूर्यावर वादळ झालं आहे. एकालाही जिना चढून वर बघावंसं वाटलं नाही. नऊ कोटी मैलांवरच्या सूर्यावर खापर फोडणं त्यांना वीस पायऱ्या चढण्यापेक्षा सोपं गेलं. सूर्यावर वादळ असूनही माझ्या चादरी खडखडीत वाळल्या. संध्याकाळी मी त्या काढल्या आणि खालून आनंदाची आरोळी आली की वादळ ओसरलं. मी अजून काही बोललेले नाही. तुम्हीही बोलू नका, त्या वादळावर बंधुराजांचा एका मासिकात लेख छापून आला आहे.

आता हे मंडळ कोण ते सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. अध्यक्ष तुमचे बंधुराज. दुसरे दातांचे डॉक्टर. तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशी आयुष्यभर एकतर्फी बोलून त्यांचा बोलण्यावरचा विश्वासच उडाला आहे. ते फक्त टिकटिक करतात, म्हणजे त्या जुन्या तारेच्या लिपीत बोटाने ठोकून संदेश पाठवतात. चहा हवा असला तरी कपावर ठोकतात. तिसरा घोरपड. हा घरं रंगवतो आणि शिडी नसली तरी भिंतीला चिकटून वर जातो, त्यामुळे खांब, गच्च्या, झाडं हे त्याचं खातं. चौथ्या वकीलबाई. वयाने लहान, पण सगळे नियम तोंडपाठ आणि हवेवरचा आवाज असा की समोरच्याने न विचारता गुन्हा कबूल करावा. या चौघांच्यात मी कोण? ऐका, आणि संतापू नका, मी दोघींच्या वाटणीचं संतापून घेतलं आहे. हॅम लोकांच्यात वय कितीही असो, पुरुषाला ओल्ड मॅन म्हणायचं आणि बाईला यंग लेडी. इथवर मला मान्य आहे. पण हॅमच्या बायकोला काय म्हणायचं? एक्स यंग लेडी. माजी तरुणी! जगभर हाच रिवाज आहे म्हणे. बंधुराज रोज एकदा तरी कुणाला तरी सांगतात की माझी माजी तरुणी चहा घेऊन आली आहे, आणि पलीकडून तो माणूस माजी तरुणीला नमस्कार कळवतो. मी त्या दिवसापासून यांच्या चहात साखर घालणं बंद केलं. त्यांच्या ध्यानात आलेलं नाही.

तर या मंडळाने या महिन्यात पराक्रम मांडला आहे. गावाला पाणी पाजणाऱ्या जुन्या पंपघराला शंभर वर्षं झाली. पंप केव्हाच बंद पडलेत, पण इमारत आहे: आत हिरव्या रंगाची, दोन माणसं उभी राहतील एवढाली लोखंडी चाकं, भिंतींना पांढऱ्या फरशा, आणि ओल अशी की बिस्किटाचा पुडा फोडला की मिटवायच्या आत ती वाकतात. असा काही प्रसंग असला की सरकार हॅम लोकांना महिन्यापुरतं एक खास नाव देतं, आणि त्या नावाने ते जगाला हाका मारतात. जगभरचे हॅम त्या हाकेवर तुटून पडतात, कारण महिना संपला की ते नाव संपलं, मग ते पोस्टकार्ड मिळणार नाही. पंपघराशी त्यांना काही देणंघेणं नाही. उद्या आमच्या घराच्या मोरीला पन्नास वर्षं झाली म्हणून नाव काढलं तरी तेवढीच गर्दी होईल. पंपघरात एका टेबलटेनिसच्या टेबलावर यंत्रं मांडली, खिडकीची काच काढून तारा बाहेर नेल्या, आणि मला काम दिलं चहाचं व आल्यागेल्याच्या स्वागताचं. मी बोर्डाच्या परीक्षेची मॉडरेटर होते, वन्सं. माझ्या लाल पेन्सिलीला तीन जिल्हे टरकून असत. आणि मी स्वागत करायचं? ते सुद्धा केलं. दोन दिवस.

त्या दोन दिवसांत मी त्यांचा मार्कांचा धंदा पाहिला. दोन हॅम बोलतात तेव्हा एकमेकांच्या आवाजाला मार्क देतात. पहिला आकडा पाचपैकी, बोलणं किती समजतं त्याचा. दुसरा नऊपैकी, आवाज किती जोरात येतो त्याचा. मोजमाप सुरेख आहे. तीन म्हणजे बऱ्याच कष्टाने समजतं, चार म्हणजे जवळजवळ काही अडचण न पडता समजतं, असं प्रत्येक आकड्याचं नीट ठरलेलं आहे. पण देतात काय? पाच-नऊ. सगळ्यांना. सरसकट. खिरापत! बंधुराज कानाला हेडफोन दाबून, डोळे मिटून, घामाघूम होऊन ऐकताहेत आणि म्हणताहेत, पाच-नऊ, अगदी स्वच्छ आवाज, कृपया नाव परत सांगा, नाही कळलं, परत सांगा, अजून एकदा. मी म्हटलं, अहो, नाव सुद्धा कळलं नाही आणि पाचपैकी पाच? तर म्हणतात, तशी पद्धत आहे, वेळ वाचतो. वेळ वाचतो! मग पेपर तपासायचेच कशाला, दारात उभं राहून शंभर-शंभर वाटा की. आमच्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टर देवाला सुद्धा सृष्टी निर्माण केल्याबद्दल ऐंशीच मार्क देत. डास केल्याचे वीस कापलेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाईने हे उघड्या डोळ्यांनी पाहायचं आणि वर बिस्किटं फिरवायची.

मग देवाला दया आली आणि बंधुराजांचा घसा बसला. पार बसला, टिटवीसारखा आवाज. डॉक्टर बोलत नाहीत. घोरपडीचं इंग्रजी हॅलो आणि थँक्यू यांच्यामध्ये काही नाही असं आहे. वकीलबाई कोर्टात ओरडून आलेल्या, शिवाय कुणाशी बोलणं झालं ते संगणकात टिपायला त्याच लागतात. हवेवर तर गर्दी ताटकळलेली. वकीलबाईंनी नियम सांगितला की परवानाधारक शेजारी बसला असेल तर बिनपरवान्याच्या माणसालाही हवेवरून शुभेच्छा देता येतात. मी थर्मास खाली ठेवला आणि बसले.

पहिला जो आला त्याला मी शुभेच्छा दिल्या आणि म्हटलं, तीन-सहा. तुम्ही डब्यात बसून बोलताय का? बंधुराजांनी कपाळावर हात मारला. तो गृहस्थ चाचरत म्हणाला की मायक्रोफोनवर त्याने पावडरचा डबा कापून बसवला आहे. मी म्हटलं, काढा आणि परत या. पाच मिनिटांत परत आला, वन्सं. चार-सात दिले. माणूस इतका खूश की माझ्या तब्येतीची चौकशी केली. दुसऱ्याला सांगितलं, इतक्या घाईत बोलू नका, कुणी मागे लागलेलं नाही. तिसऱ्याच्या मागे कुत्रं भुंकत होतं, त्याला म्हटलं, दोघांपैकी एकाचीच परीक्षा घेईन. आणि मग जी रांग लागली! रांग म्हणजे आधी नुसता गोंगाट, शंभर जण एकमेकांच्या डोक्यावरून आपलं नाव ओरडताहेत. मी आठवीच्या वर्गाला वापरत होते तो आवाज काढला आणि म्हटलं, एकजण बोलेल, बाकीचे हाताची घडी घालतील. घातली असावी, कारण चिडीचूप झालं. वकीलबाई कानात म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला शुभेच्छा द्यायची परवानगी आहे. मार्कांबद्दल नियम गप्प आहेत. तेव्हा मीही गप्प आहे." बातमी पसरली की पंपघरावर एक बाई खरे मार्क देते, आणि जे आधी पाच-नऊ घेऊन गेले होते ते सुद्धा पेपर फेरतपासणीला घेऊन आले.

त्या गर्दीत एकदा अगदी तळातून एक आवाज आला. घासत, अडखळत. बाकीचे त्याच्यावरून ओरडून जात होते. मी सगळ्यांना थांबवलं. त्याला आपलं नाव सांगायला इतका वेळ लागला की घोरपड मधेच जाऊन चहा पिऊन आला. मी समजण्याला पाचपैकी दोन दिले, जोराला नऊपैकी चार. बंधुराज मागून टिटवीच्या आवाजात कुजबुजले, "अगं, आजारी दिसतोय, पाच-नऊ दे आणि सोड." मी म्हटलं, आजारी आहे, बहिरा नाही, आपण कसे बोललो ते त्याला कळतं. मला वाटलं, दुखावला. मग तो म्हणाला, "मार्क कुठे गेले?" वन्सं, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला ऐन नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा भेटला. त्याने सांगितलं की मागच्या वर्षी झटका येऊन गेला, अर्धं अंग आणि जीभ गेली. तेव्हापासून हवेवर जो भेटतो तो पाच-नऊ देऊन पळतो. मी सांगितलं, शब्दांची टोकं गिळता तुम्ही, मार्क तिथे गेले. रोज वर्तमानपत्रातलं हवामान मोठ्याने वाचा आणि उद्या मला वाचून दाखवा.

आला. रोज येतो. त्याच्या गावी कायम पाऊस, पाऊस नसला की धुकं, आणि वाऱ्याची दिशा सांगताना त्याची अजून दमछाक होते. (असल्या हवेत माणसाची जीभ सादळणारच.) मायक्रोफोन त्याची मुलगी धरते, वर्तमानपत्राची पानं उलटण्याचा आवाज मला येतो. त्याचं कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान आहे. झटक्यापासून दुकानातला फोन मुलगी घेते, कारण गिऱ्हाईकांना त्याचं बोलणं कळत नाही. त्याने तिच्याशी पैज लावली आहे की पंपघरच्या बाईंनी चार दिले की फोन तो घेणार. चार म्हणजे जवळजवळ काही अडचण न पडता समजतं. मग फोन का नाही घ्यायचा? मी म्हटलं, बरोबर आहे. तीन दिलेत. चार लांब नाहीत. आणि त्याच वेळी तुमच्या बंधुराजांचा महासंघ तडमडला.

महासंघ म्हणजे सगळ्या हॅम मंडळांचा मिळून बाप. त्याचे अध्यक्ष पंपघराला शताब्दीच्या शुभेच्छा द्यायला हवेवर येणार होते. बंधुराजांनी इस्त्रीचा शर्ट घातला. (रेडिओवर! डॉक्टरांनी तर भांगही पाडला.) अध्यक्ष आले आणि मायक्रोफोन दातांत धरल्यासारखे बोलले, बरंच बोलले, आणि मला इतिहास व परंपरा हे दोन शब्द सोडून काही लागलं नाही. माझी काय चूक? मी नेहमीसारखे मार्क दिले. म्हटलं, समजणं पाचपैकी दोन, जोर नऊपैकी नऊ. आणि कारण दिलं, कारण विद्यार्थ्याला कारण कळलंच पाहिजे: मायक्रोफोन चार बोटं लांब धरा आणि भाषणाचं शेवटचं पान कापा. जगभरातून खिंकाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी तारेच्या लिपीत टाळ्या वाजवल्या. (डॉक्टरांना हसू आवरेना, नंतर ते मान्य करीनात.) अध्यक्षांनी यंत्र बंद केलं.

मग सभा. डॉक्टरांनी टेबलावर ठोकून ठराव मांडला, वकीलबाईंनी त्याचा अर्थ सांगितला: बिनपरवान्याच्या व्यक्तीने यापुढे फक्त स्वागत पाहावं. वकीलबाई विरुद्ध. घोरपड तटस्थ, कारण तो त्या वेळी खांबावर होता आणि खाली यायला तयार नव्हता. राहता राहिले तुमचे बंधुराज. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि हात वर केला. पूर्ण नाही, कोपरापर्यंत. अपघाताच्या अर्जावर ते असंच करायचे. ना मंजूर, ना नामंजूर. पण मोजला पूर्ण. वन्सं, त्या माणसाने वर्षानुवर्षं माझ्या हातचं खाल्लं आहे.

त्या रात्रीपासून घरात आमचं बोलणं नाही. म्हणजे मी बोलत नाही. जेवणापलीकडे तेही बोलत नाहीत हे माझ्या नंतर लक्षात आलं. काल माझ्या त्या माणसाची वेळ झाली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून कपाटाच्या फळ्या पुसत होते. तिकडे कुणीतरी त्याला फुकटचे पाच दिले असतील. त्याने ते घेतले असतील आणि पुन्हा बोलायचं सोडून दिलं असेल. किंवा ते खरे धरून दुकानातला फोन उचलला असेल, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने, काय म्हणताय, म्हणून फोन आपटला असेल. यातलं जास्त वाईट काय ते मला ठरवता येत नाही.

तेव्हा तुम्हाला विनंती एवढीच की थोरली बहीण या नात्याने तुम्ही यांना खडसावा. हे रेडिओचं खूळ आता बस्स. यंत्र विकावं, तार उतरवावी, गच्ची मोकळी करावी आणि म्हातारपणी माणसासारखं घरात बसावं. जगात तुम्ही एकट्याच आहात ज्यांचं ते ऐकतात. बाकी सगळ्यांचं नुसतं ऐकू येतं म्हणतात. पत्र घोरपडीच्या हाती पाठवते आहे, त्याचं तुमच्या गावात काही काम आहे. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पापा, गुडघ्याला पट्टा.

तुमची,
हयात आणि आजी (माजी नव्हे),
भावजय

ता. क. घोरपड चहा पितो आहे तोवर एक ओळ. वरचं शेवटचं तितकंसं मनावर घेऊ नका. यंत्र विकायला सांगू नका, निदान महिनाअखेरीपर्यंत. फोन करून एवढंच म्हणा की वहिनीला खुर्ची परत द्या. माझं नाव सांगू नका. तुम्हाला स्वप्न पडलं म्हणा, काहीही म्हणा. आणि तार उतरवू द्यायची नाही, कारण परवान्याच्या परीक्षेचं पुस्तक मी वकीलबाईंकडून आणलं आहे. पहिल्या धड्यात दोन चुका सापडल्या.

ता. क. २. फोन करू नका! घोरपड दुसरा कप पिता पिता काय बोलून गेला पाहा. काल माझ्या माणसाच्या वेळेला खुर्चीवर तुमचे बंधुराजच होते. तो आला, त्याने बाई कुठे म्हणून विचारलं. हे म्हणाले, आज नाहीत. तरी त्याने अख्खं हवामान वाचून दाखवलं, वाऱ्याच्या दिशेसकट. डॉक्टर मागून टेबलावर ठोकत होते, पाच-नऊ, पाच-नऊ, द्या आणि मोकळे व्हा. आणि हे म्हणाले (त्या टिटवीच्या आवाजात, हवेवर, सगळ्या जगासमोर) की हा पेपर तपासण्याची माझी पात्रता नाही, निकाल राखून ठेवला आहे, आमच्या परीक्षक उद्यापासून परत येत आहेत. मग मायक्रोफोन बंद करून डॉक्टरांना म्हणाले, महासंघाला काय कळवायचं ते कळवा, माझा हात मी खाली घेतला. यंत्र हाती घेतल्यापासून पहिल्यांदाच या माणसाने कुणाला तरी पाच-नऊ दिले नाहीत! आणि घरी येऊन मला काय म्हणाले? म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. वन्सं, जेवणाचं टेबल आमचं हातभर रुंद आहे. तेवढ्या अंतरावर बोलायला यांना कुठला खांब लागतो?

ता. क. ३. खांबावरून आठवलं. घोरपडीचं तुमच्या गावातलं काम म्हणजे तुमचाच खांब. तुमच्या गच्चीवर टीव्हीच्या जुन्या अँटेनाचा लोखंडी खांब आहे ना, तो मागायला यांनी त्याला पाठवलं आहे. स्वतः विचारायची छाती नाही. तुम्ही हो म्हणाल की नाही ते त्यालाही माहीत नाही, म्हणून तीन कप चहा झाला तरी उठत नाही. द्या, वन्सं. आमची पंपघरावरची तार फार खाली आहे, त्या माणसाच्या गावाकडून येणारा आवाज तिच्यात अर्धा हरवतो. तीन त्याच्या जिभेमुळे पडतात की आमच्या ठेंगण्या तारेमुळे, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, आणि ते माहीत नसताना मी कुणाचा मार्क अडवून ठेवणार नाही. तार उंच गेली की त्याला नीट ऐकीन. तेव्हाही तीनच पडले तर तीनच देईन, त्याला तसं सांगणार आहे. पण मग ते त्याचे तीन असतील, आमच्या खांबाचे नव्हेत.